आत्तीची उष्णता

आमच्याकडे कुठल्याही दुखण्याचा तपास एकाच संशयापासून सुरू होतो. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. घोळणा फुटला, उष्णता. आंब्याच्या दिवसांत पाठीवर गळू आलं, मग तर विचारायलाच नको. मी बावीस वर्षं कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते की उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत. मुलं वहीत उतरवून घेतात, घरी जातात आणि त्यांच्या आया त्यांना सांगतात, "दुसरं अंडं नको, उष्णता होईल." माझी त्याला कधी हरकत नव्हती. एका शब्दाला दोन घरं असली म्हणून काय बिघडतं?

आत्तीच्या बाबतीत मात्र बिघडलं.

माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण, करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठी दिलेली. घरचा ऊस, वाटणीतलं गुऱ्हाळ, दावणीला दोन म्हशी. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. निदान स्वतःच केलं आणि उपचारही स्वतःच सुरू केले: सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, दुर्वांचा रस, सकाळी अनशापोटी गुलकंद. वांगं सोडलं, तीळ सोडले. असे सहा महिने गेले. आम्हाला कळलं ते एका जावळाच्या जेवणात. पंगतीत तांबडा रस्सा वाढायला आला तेव्हा तिनं वाटीवर हात आडवा धरला. कोल्हापुरात जन्म काढलेल्या बाईनं तांबड्यावर हात आडवा धरावा ही गोष्ट लपत नाही. मी शेजारीच होते.

"काय गं आत्ती, पांढराच?"

"उष्णता झालीया."

"कसली?"

"बायकांची," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून पुढे जेवू लागली.

पुढचं भराभर झालं. तपासणी, तुकडा काढून पाठवला, अहवाल आला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आजूबाजूच्या भागात पसरलेला, म्हणून ऑपरेशन नाही. पाच आठवडे किरणं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे पंचवीस वेळा. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन नावाची केमो. शेवटी आतून किरणं. योजनेत बसलं, कोल्हापुरातच सोय झाली. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी ते डॉक्टरला दाखवायचं असतं, हे विज्ञान शिकवणाऱ्या भाचीनं आत्तीला कधी सांगितलंच नव्हतं, ही माझी चूक. ती मी इथे लिहून मोकळी होते आणि पुढे जाते.

आत्तीचं आणि उष्णतेचं नातं सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. भावकीतल्या बाळंतिणींना शेक द्यायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे. माझंही बाळंतपण तिनंच काढलं. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंगाची धुरी, कमरेला फडक्यात गुंडाळलेली तापली वीट. दुखरा सांधा असेल तर तेल लावून गरम केलेली रुईची पानं, पोटात वात धरला तर जाड्या मिठाची पुरचुंडी. बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं. वीट मात्र हाताच्या पालथ्या बाजूनं, कारण तळव्याला काही कळतच नाही, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटून उलटून तिचे तळवे निबर झाले होते. निखारासुद्धा ती बोटांनी उचलून शेगडीत नीट लावत असे.

अशा बाईला रोज सकाळी आम्ही 'शेक' द्यायला नेत होतो. शब्द माझा नव्हे, तिथल्या बायकांचा. रेडिएशनच्या विभागाबाहेरच्या बाकड्यांवर गडहिंग्लजच्या, निपाणीच्या, कोकणातून घाट चढून आलेल्या बायका बसलेल्या असायच्या. सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, कारण ओटीपोटाचा शेक घ्यायचा तर मूत्राशय भरलेलं लागतं. भरलं की आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. पाणी प्यायचं आणि रोखून धरायचं. "कितवा शेक?" ही तिथली ओळख. "माझा अकरावा, तुमचा?" कुणी त्याला लाईट म्हणायचं, पण आत्तीला शेक हा शब्द पसंत पडला. फक्त पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर ती फसवली गेल्यासारखी दिसत होती.

"काय गरम लागलं न्हाई गं. मशीन चालू तरी केलं हुतं का?"

त्या रात्री मी सवयीनं आकडेमोड केली. एका वेळेस साधारण दोन ग्रे मात्रा. म्हणजे एक किलो उतीत दोन ज्यूल ऊर्जा. पाण्याची विशिष्ट उष्मा घेऊन भागलं तर उत्तर आलं, अंशाचा सुमारे दोन हजारावा भाग. कपभर चहाचा एक घोट पोटात गेल्यावर याहून जास्त उष्णता मिळते. त्या किरणांचा मारा पेशीच्या डीएनएवर असतो आणि तापण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. आत्तीला मी एवढंच सांगितलं की हा शेक गरम नसतो. ती म्हणाली, "मग शेक कशाला म्हणायचं?"

तिसऱ्या आठवड्यात तिची कंबर दुखायला लागली. मामांनी, म्हणजे आत्तीच्या यजमानांनी, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून आणली, तर दुसऱ्या दिवशी सिस्टरनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं. किरणं घेतलेल्या कातडीला शेक द्यायचा नाही, बर्फही नाही, गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नाही. ती कातडी आधीच नाजूक झालेली असते, चटका पटकन बसतो. जन्मभर शेक देत आलेल्या बाईच्या घरात शेकबंदी झाली. मामा गप्प बाकड्यावर बसून राहिले.

पण त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यात, उष्णता आमच्याकडे वेगळ्या दारानं आली होती. मामांच्या एका मित्रानं त्यांना शहरातल्या एका केंद्रात नेलं. तिथे गरम दगडांचे पलंग मांडलेले असतात आणि म्हाताऱ्या माणसांना मोफत झोपवतात. पलंगावर कोण झोपलं, कुणाचे गुडघे बरे झाले, हे माईकवर सांगतात. तिथल्या पोरानं मामांना सांगितलं की कॅन्सरच्या पेशीला उष्णता सहन होत नाही, रोज चाळीस मिनिटं झोपवा, किरणं-केमो थांबवली तरी चालेल. पलंगाची किंमत सांगितली तेव्हा मामांनी उसाच्या बिलाचा हिशेब मांडायला सुरुवात केली होती. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, पण माईकवर बोलणाऱ्याला कोण विचारतो?

मी तावातावानं भांडायला निघाले होते. मात्र त्या पोराचं पहिलं वाक्य मनात अडकून राहिलं. कॅन्सरच्या पेशीला उष्णता सहन होत नाही. हे साफ खोटं असतं तर बरं झालं असतं. रात्री वाचायला बसले तेव्हा कळलं की ते अर्धं खरं आहे.

या कल्पनेमागे मोठा इतिहास आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अग्निकर्माला स्वतंत्र अध्याय आहे आणि आमच्या गावात डाग दिलेली पोटं मी लहानपणी पाहिली आहेत. ती गोष्ट निराळी. १८६६ साली जर्मनीत बुश नावाच्या शल्यवैद्यानं एक नोंद केली होती. एका बाईच्या चेहऱ्यावरची गाठ, कातडीच्या संसर्गानं तिला मोठा ताप आल्यावर, विरून गेली. न्यूयॉर्कच्या विल्यम कोलीनं १८९१ पासून कॅन्सरच्या रोग्यांना मुद्दाम जंतू टोचून असा ताप आणून पाहिला. काहींच्या गाठी गेल्या, काही माणसं तापानंच गेली. कोलीच्या रोग्यांना गुण आला तो तापाचा की जागी झालेल्या प्रतिकारशक्तीचा, याचं श्रेय आज बरेच जण दुसऱ्या गोष्टीला देतात. स्वीडनच्या वेस्टरमार्कनं १८९८ मध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर गरम पाणी खेळवून पाहिलं, हे वाचताना मात्र मी थांबले. तीच जागा, तोच आजार. आणि आत्तीची तापली वीट.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "हायपरथर्मिया, म्हणजे उष्णता देऊन उपचार, असं काही असतं का?" त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी सांगा, किरणं बंद करा असं कुणी सांगितलं नाही ना?"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीकडे.

मग त्यांनी पंधरा मिनिटं दिली. बाहेरची रांग पाहता ते फार होतं. गाठ साधारण चाळीस ते त्रेचाळीस अंशांपर्यंत तापवायची, तासभर धरून ठेवायची. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आणि किरणांच्या किंवा केमोच्या जोडीनं. नुसतीच दिली तर तिचा फारसा भरवसा नाही. "तो जोडीचा उपचार आहे," त्या म्हणाल्या. "करवली असते ना, तशी. करवलीशी लग्न लागत नाही."

जोडीला घेऊन उपयोग काय, तर मी माझ्या मुलांना सांगेन तसं सांगते. किरणांना ऑक्सिजन लागतो. ज्या पेशीत ऑक्सिजन कमी, ती पेशी किरणांना दाद देत नाही. गाठ वाढते घाईघाईनं. तिच्या रक्तवाहिन्या म्हणजे आराखडा न काढता वसलेली वस्ती, कुठे बोळ बंद, कुठे पाणीच पोहोचत नाही. त्यामुळे गाठीच्या पोटात ऑक्सिजनची कायम टंचाई. सौम्य उष्णतेनं रक्त जास्त खेळतं, ऑक्सिजन आत जातो आणि किरणांचा मारा नीट लागतो. शिवाय ज्या भुकेल्या, कोंदटलेल्या पेशींवर किरणं चालत नाहीत, त्या उष्णतेपुढे लवकर मान टाकतात. डीएनएची नक्कल चालू असलेली पेशी किरणांना चिवट असते, तीही उष्णतेला हळवी. आणखी एक गोष्ट. किरणांनी डीएनए तुटला की पेशीतले गवंडी लगेच डागडुजीला धावतात. उष्णता त्या गवंड्यांना काही तास कामावरून घालवते. म्हणून दोन्ही उपचार जवळजवळच्या वेळेत झाले पाहिजेत. आज किरणं आणि परवा उष्णता असं चालत नाही.

रोज का तापवत नाहीत, असं मी विचारलं, कारण पलंगवाला रोज म्हणत होता. एकदा चटका खाल्लेली पेशी स्वतःभोवती संरक्षक प्रथिनं तयार करते आणि पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला पुरून उरते. मी आत्तीच्या तळव्यांकडे पाहिलं. ती खुर्चीत बसून पदराचं टोक दुमडत होती.

अंशांचा हिशेब मामांना सगळ्यांत आधी कळला. त्रेचाळीस अंशांवर जो परिणाम साठ मिनिटांत होतो, तो चव्वेचाळीसवर तिसाव्या मिनिटाला आणि पंचेचाळीसवर पंधराव्या मिनिटाला होतो. वरचा एकेक अंश वेळ निम्मी करतो. खाली मात्र उलटं: बेचाळीसवर त्याच परिणामाला चार तास लागतात. मामांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उजळला.

"हे आमच्या गुळव्याचंच काम की!"

खरंच होतं. काहिलीत रस उकळतोय, मळी काढून झालीय, भेंडीचं पाणी पडलंय, खाली चुलवाणात जाळव्या चिपाडं सारतोय. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. एकशे सोळा-अठरा अंशांच्या आसपास तो क्षण येतो आणि पळभरात निघूनही जातो. काहील आधी उतरवली तर गूळ लागत नाही, उशिरा उतरवली तर करपतो, काळा पडतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. गुळव्याच्या बोटांना मात्र अजून कुणी मानांकन दिलेलं नाही, आणि गुऱ्हाळं दर हंगामाला कमी होत आहेत. असो. मामा पलंगाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. आठ-दहा सेंटिमीटर आत असलेल्या गाठीपर्यंत दगडाची ऊब पोहोचते का, हे त्यांना विचारावंच लागलं नाही. कातडी तापली की रक्त ती उष्णता वाहून नेतं आणि आतलं तापमान जागचं हलत नाही. पलंग खाली मऊ आणि वर गरम, झोप छान लागते. तेवढंच.

मी मात्र वाचतच सुटले, आणि माझी झोप गेली ती एका जोड-आकड्यामुळे. २००० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या चाचणीचा निष्कर्ष आला होता. १९९० ते १९९६ या काळातले ३५८ रुग्ण, मूत्राशयाचे, गुदाशयाचे आणि गर्भाशयाच्या मुखाचे कॅन्सर. निम्म्यांना नुसती किरणं, निम्म्यांना किरणं आणि खोलवर उष्णता. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेल्या बायका नुसत्या किरणांच्या गटात २७ टक्के, उष्णता मिळालेल्या गटात ५१ टक्के. सत्तावीस आणि एक्कावन्न. मी दोन दिवस भाजी चिरताना, पेपर तपासताना हेच दोन आकडे घोकत होते. आपल्या देशातही काम झालं होतं. मुंबईत नानावटी रुग्णालयातले डॉ. नागराज हुइलगोळ आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पन्नासहून अधिक रुग्णांवर केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गाठ पूर्ण जाण्याचं प्रमाण नुसत्या किरणांनी ४२ टक्क्यांच्या आसपास, उष्णतेसह ७८ टक्क्यांहून थोडं जास्त.

छापलेले कागद घेऊन मी पुन्हा मॅडमसमोर उभी राहिले. त्यांनी ते वाचलेले होते, हे मला आधी आवडलं नाही आणि मग फार आवडलं.

"आकडे खरे आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्या डच बायकांना सिस्प्लॅटिन मिळालं नव्हतं. किरणांबरोबर ते दिलं तर बायका जास्त जगतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं आणि मग सगळीकडे तीच पद्धत झाली. तुमच्या आत्तींना ते मिळतंय."

म्हणजे त्या काळी किरणांच्या दोन करवल्या तयार झाल्या होत्या आणि जगानं एकीला घरात घेतलं. सलाईनमधून देता येणारं औषध कुठल्याही गावात पोहोचतं. तासभर चालणारं, माणसं अडकवणारं, अंशाअंशाला जपावं लागणारं यंत्र तसं पोहोचत नाही. यात कुणाचा कट वगैरे नव्हता, निदान मला तरी दिसला नाही. पुढच्या चाचण्याही सरळ रेषेत गेल्या नाहीत. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकारानं झालेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत उष्णतेचा फायदा दिसला नाही. जपानमध्ये २०१६ साली १०१ बायकांवर किरणं, सिस्प्लॅटिन आणि उष्णता अशी तिहेरी जोडी तपासली. गाठ पूर्ण जाण्याचं प्रमाण उष्णतेच्या गटात जास्त होतं, पण आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणण्याइतका फरक निघाला नाही. हातापायांच्या, पोटातल्या मऊ उतींच्या सार्कोमा नावाच्या कॅन्सरमध्ये मात्र उष्णता आणि केमो मिळालेल्या रुग्णांत पाच वर्षांनी जवळजवळ ६३ टक्के हयात होते, नुसत्या केमोच्या गटात ५१. म्हणजे आजार कुठला, उष्णता कितपत पोहोचली, जोडीला काय होतं, यावर सगळं अवलंबून. 'कॅन्सरला उष्णता चालते का' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच नीट नाही. आठवीच्या पेपरात मी असा प्रश्न काढला असता तर मुख्याध्यापकांनी परत पाठवला असता.

तरीही मी मुंबईला गेले. आकडा एकदा मानेवर बसला की उतरत नाही. गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघाले, सकाळी उतरून एका रुग्णालयात चौकशी केली. त्यांनी यंत्राची खोली दाखवली. मला वाटलं होतं, काहीतरी भट्टीसारखं असेल. खोली थंड होती. अरुंद पलंग, शरीराच्या वर आणि खाली दोन चकत्या, आणि चकत्या व कातडी यांच्यामध्ये पाण्यानं भरलेल्या मऊ पिशव्या. त्या पिशव्यांत गार पाणी खेळवत ठेवतात. रेडिओलहरी आतून तापवणार आणि पाणी बाहेरची कातडी वाचवणार. आत केसासारख्या बारीक तारांचे तापमापक. पेसमेकर असेल, वाटेत धातू बसवलेला असेल, तर हा उपचार जमत नाही. चरबीचा थर जाड असेल तर तोच आधी तापतो, आणि आमच्या आत्तीचा थर काही पातळ नव्हता.

पलंगावर एक रुग्ण होता, आणि शेजारी स्टुलावर एक मुलगी बसलेली. ती दर दोन-तीन मिनिटांनी विचारत होती, "जळजळ होतेय का? कुठे टोचतंय का? खालून दाब वाटतोय?" तो मान हलवायचा, ती पुन्हा विचारायची. मी बाहेर आल्यावर तिला म्हटलं, एवढे तापमापक असताना सारखं विचारता का? ती म्हणाली, तारा चार-पाच ठिकाणचंच सांगतात. मध्येच कुठे तापलं तर ते फक्त पेशंटला कळतं. तो बोलला की आम्ही लगेच कमी करतो. "न बोलणारा पेशंट आला ना, की आम्हाला धास्ती."

परतीच्या गाडीत हे वाक्य माझ्या शेजारच्या बर्थवर बसून आलं.

आमच्या आत्तीच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक गुळगुळीत पट्टा आहे. मी सात-आठ वर्षांची असताना काहिलीतला पाक तिच्या हातावर उडाला होता. उकळत्या पाण्यापेक्षा पाक वाईट, चिकटून बसतो. तिनं हात पाण्यात बुडवला, पदर गुंडाळला आणि गुऱ्हाळावरच्या सगळ्या गड्यांना जेवायला वाढलं. शेवटचा गडी उठल्यावर सासूला म्हणाली, "जरा भाजलंय." ही गोष्ट आमच्याकडे कौतुकानं सांगतात. मीही सांगत आले. त्या रात्री सांगली मागे पडेपर्यंत मी त्या कौतुकाचा हिशेब करत जागी होते. जरा भाजलंय. जरा उष्णता झालीया. सहा महिने. अशा बाईला त्या पलंगावर झोपवलं असतं आणि त्या मुलीनं शंभर वेळा विचारलं असतं, तर ती शंभर वेळा "काय न्हाई" म्हणाली असती.

निर्णय शेवटी तिनंच घेतला. किरणांचे दहा-बारा दिवस झालेले होते. सगळा उपचार, आतल्या किरणांसकट, आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा, मध्ये खंड पडला तर गाठीला उसंत मिळते, असं मॅडमनी बजावलं होतं. मुंबईला हलवायचं तर पुन्हा नोंदणी, पुन्हा नियोजन, राहायची सोय. मी तिला सगळं जमेल तसं समजावलं. सत्तावीस आणि एक्कावन्न सुद्धा सांगितले. ती ऐकत होती.

"म्हंजे सहा महिनं उष्णता कमी करत बसलो," ती म्हणाली, "आणि आता मुंबईला जाऊन, भाड्याची खोली घेऊन, वाढवून घ्यायची व्हय?"

मामा हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आलं.

"हितं चाललंय ते पुरं करू दे. ती मॅडम चांगली हाय. वरडती, पण चांगली हाय."

ती मॅडम मग खरंच ओरडली. चौथ्या आठवड्यात जांघेतली कातडी लाल होऊन सोलवटली होती आणि आत्तीनं ते तीन दिवस सांगितलं नव्हतं. मॅडमनी मलम लिहून दिलं आणि बाकड्यावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला बक्षीस द्यायचंय का न बोलल्याबद्दल?" निपाणीच्या एका बाईनं लगेच उठून आपलाही पदर सावरत सिस्टरला हाक मारली. त्या दिवशी तीन बायकांना मलम मिळालं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आत्तीच्या तपासण्या ठीक येतात. किरणांनी, सिस्प्लॅटिननी, वेळेत पूर्ण झाल्यानं, की आणखी कशानं, ते एका माणसावरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. मुंबईला नेलं असतं तर, हा विचार मला अजून येतो, बहुतेक भाजी चिरतानाच. गावातून कुणाचाही फोन आला की आधी मॅडमचाच प्रश्न विचारते, चालू उपचार बंद करा असं कुणी सांगितलं नाही ना.

गेल्या थंडीत आत्तीच्या धाकट्या सुनेचं दुसरं बाळंतपण झालं. मी भेटायला गेले तेव्हा मागच्या खोलीत शेक चालला होता. बाळ माजघरात, कारण धूर नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून शेगडी आणि धुरी बंद, नुसती वीट. आत्तीनं वीट फडक्यात गुंडाळली, हाताच्या पालथ्या बाजूनं पाहिली आणि सुनेच्या कमरेला लावली.

"जास्त हुतंय?"

"नाही, आई."

थोडं थांबून पुन्हा. "आता?"

"नाही."

आत्तीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग वीट काढून घेतली, फडक्याची आणखी एक घडी गुंडाळली आणि परत लावली.